डोंगरातले रान, पाड्याचा कारभार

सामूहिक वनहक्काचा दाखला मिळतो त्या दिवशी गावात उत्साह असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम होतो, कागद हातात येतो, फोटो निघतात. मग बऱ्याच गावांत तो कागद समितीच्या अध्यक्षांच्या कपाटात जातो आणि रान होते तसेच राहते. फेब्रुवारीत वणवा लागतो, बाहेरचे लोक जळण भरून नेतात, हिरड्याचा भाव व्यापारीच ठरवतो. हक्क आला, पण कारभार सुरू झाला नाही. हा लेख त्या कारभाराबद्दल आहे. सह्याद्रीत आणि सातपुड्यात ज्यांना हा हक्क मिळाला आहे, आणि ज्यांना तो अजून मिळवायचा आहे, अशा दोघांसाठी तो लिहिला आहे.

आधी कायद्याचे थोडक्यात. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ सालचा. त्याचे नियम २००८ मध्ये आले आणि २०१२ मध्ये त्यांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. कसणाऱ्याच्या नावे जमीन करणारा कायदा एवढीच त्याची ओळख अनेकांना आहे. पण कलम ३(१)(झ) म्हणून जिचा उल्लेख होतो ती तरतूद त्याहून मोठी आहे. गावाने परंपरेने जे रान राखले, वापरले, त्याचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ती ग्रामसभेला देते. यात गफलत होते ती अर्जाच्या नमुन्यात. नमुना ब हा निस्तार, चराई, वनोपज, मासेमारी अशा वापराच्या हक्कांसाठी असतो. रानाचा कारभार हाती घ्यायचा असेल तर नमुना क भरावा लागतो. कित्येक गावांनी फक्त ब भरला आणि आपल्याला सगळे मिळाले असे समजून ती थांबली. तुमच्या गावाला दाखला मिळाला असेल तर तो आज काढून वाचा. त्यात संरक्षण आणि व्यवस्थापनाचा शब्द नसेल, तर नमुना क चा दावा करणे अजून बाकी आहे.

सभा कोणाची

माझे ठाम मत आहे की डोंगरातले रान सांभाळण्याचे काम पाड्याच्या किंवा वाडीच्या सभेनेच होऊ शकते. गट ग्रामपंचायतीत पाच-सात वाड्या असतात. खालच्या अंगाची, रस्त्यालगतची वाडी मोठी असते, सरपंच बहुधा तिथला असतो आणि सभाही तिथेच भरते. वरच्या वाडीतली बाई डोक्यावर मोळी घेऊन रोज ज्या पायवाटेने उतरते, त्या वाटेवरच्या रानाबद्दलचा निर्णय तिच्या गैरहजेरीत होतो. पुढे तो कोणी पाळत नाही, आणि मग लोकांना शिस्त नाही म्हणून तक्रार होते.

अनुसूचित क्षेत्रात यावर कायदेशीर उपाय आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार वाडी-पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव केला, तर तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद कार्यालयात ठेवून येऊ नका. क्षेत्र अनुसूचित नसेल तर महसुली गावाची सभा धरून चालावे लागते. तिथेही आधी प्रत्येक वाडीने आपल्यापुरते बसून ठरवायचे आणि मग मोठ्या सभेत ते मांडायचे, असा रिवाज पाडता येतो. बिगर-आदिवासी गावांनी आणखी एक अट लक्षात ठेवावी. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करताना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या रानाशी संबंध असल्याचे दाखवावे लागते. मंडळी या अटीला घाबरून दावाच करत नाहीत. देवराई, जुने पाणवठे, स्मशान, गुरांच्या वाटा, गॅझेटियरमधल्या नोंदी, गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सगळे पुराव्यात धरले जाते. दोन पुरावे पुरतात, आणि त्यांतला एक वडीलधाऱ्यांचा जबाब असू शकतो.

सभेच्या कोरमचा नियम नीट पाळा. गावातल्या प्रौढांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. दाव्याचा ठराव असेल तर दावेदारांपैकीही निम्मे तरी बसलेले हवेत. ही अट कागदोपत्री भरून काढण्याचा मोह होतो. सभेनंतर घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या जातात. असे करू नका. उद्या रानात कोणी कुऱ्हाड चालवताना सापडला आणि म्हणाला, "मी त्या ठरावाला नव्हतोच," तर त्याला काय उत्तर द्याल? त्यापेक्षा सभेची वेळ बदला. भातलावणीच्या दिवसांत सभा नको. बायकांची भाकरी-पाणी आटोपल्यावर, रात्री साडेआठनंतर, देवळासमोर किंवा शाळेच्या पडवीत भरणाऱ्या सभेला जी गर्दी होते ती सकाळी अकराच्या सभेला कधीच होत नाही. आणि बायका मागे भिंतीला टेकून बसल्या असतील तर जळण, पाणी आणि रानभाज्यांचे विषय आधी घ्या. पहिल्या अर्ध्या तासात ज्यांचा आवाज निघतो, त्या पुढेही बोलतात.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा हे गाव या सगळ्याचे जुने आणि अजूनही उपयोगी उदाहरण आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या पहिल्या अशा गावांत त्याची गणना होते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने दोन सवयी लावून घेतल्या होत्या. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करायचा, ही एक. दुसरी सवय अभ्यासगटाची. निर्णयाच्या सभेआधी, ज्यांना त्या विषयात रस आहे त्यांनी एकत्र बसून तो समजून घ्यायचा. बाहेरचा माणूस माहिती द्यायला आला तर तो अभ्यासगटात बोलतो आणि निर्णय गावाचा राहतो. सर्वसहमतीला वेळ लागतो हे खरे. पण रानाच्या बाबतीत बहुमत फार कमजोर असते. चाळीस घरांनी राखलेले रान न पटलेली चार घरे एका उन्हाळ्यात जाळू शकतात.

शीव चालून बघा

दावा तयार करताना बरीच गावे संगणकावरच्या नकाशापासून सुरुवात करतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी चाला. गावातली दोन-तीन म्हातारी माणसे, गुराखी, मध काढणारे, जळणाला जाणाऱ्या बायका आणि फोनवर जीपीएस चालवता येणारी दोन पोरे असा जथा घ्या. धारेने, ओढ्याने, शिवेच्या दगडांवरून जा. प्रत्येक जागेचे गावातले नाव लिहा. वनखात्याचा कक्ष क्रमांक नंतर त्याला जोडता येतो, पण ज्या खोऱ्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या नाव दिले आहे ते नाव हाच त्या रानाशी असलेल्या नात्याचा मोठा पुरावा आहे. उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येते, त्यांची जागा घेऊ शकत नाही, असे २०१२ च्या नियमांत स्पष्ट आहे. चित्रात काही दिसत नाही एवढ्याच कारणाने कोणी दावा परत पाठवला, तर हा नियम पुढे करा.

शेजारच्या गावांशी बोलणे हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तोच टाळला जातो. डोंगरात शीव धारेवर असली तरी वापर धारेपलीकडे असतो. पलीकडच्या गावाची गुरे आपल्या पठारावर येतात आणि आपले लोक त्यांच्या बाजूच्या कपारीत मध काढतात. असे क्षेत्र एकमेकांत गेलेले असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. दावा दाखल करण्याआधीच हे करा आणि दोघांच्या सहीचा कागद करा. नंतर हा वाद तालुक्याच्या कार्यालयात गेला की तिथे वर्षानुवर्षे पडून राहतो. पावसाळा संपल्यावर येणारे धनगरांचे वाडे यात विसरू नका. भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क हाच कायदा मान्य करतो. त्यांना शिवेबाहेर ठेवणारी योजना अन्यायाची तर आहेच, शिवाय टिकणारीही नाही. ते कधी येतात, कुठे थांबतात, कोणत्या पाण्यावर जातात हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहा.

प्रत्यक्ष पडताळणीच्या दिवशी वन आणि महसूल खात्याच्या प्रतिनिधींनी हजर राहायचे असते आणि कार्यवाहीवर सही, हुद्दा, तारखेसह आपला शेरा द्यायचा असतो. ते आले नाहीत तर घाबरू नका. त्यांना लेखी सूचना दिल्याची पोच जपा. गैरहजर राहून नंतर त्यांनी हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत, तर जागेच्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. ही तरतूद फार थोड्या गावांना ठाऊक आहे. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केले तर कारणांसह लेखी आदेश मागा. आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवर अपिलाची सोय २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली आहे. आणि दाखला हातात आला की काम संपले असे समजू नका. अंतिम नकाशा करून त्याची नोंद अधिकार अभिलेखात जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. ती झाली का, हे तलाठ्याकडे जाऊन बघा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती आधीपासून आहे, मग आणखी कशाला, असे विचारले जाते. संयुक्त वनव्यवस्थापनाची पद्धत १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकातून आली. तिच्यात रान खात्याचे असते आणि गाव सहभागी असते. सामूहिक हक्कात ग्रामसभा स्वतः समिती नेमते, तिच्यावर देखरेख ठेवते आणि तिला बदलू शकते. व्यवस्थापन आराखडा हीच समिती करते. वनखात्याच्या कार्य आयोजनेशी तो जोडताना कोणते फेरबदल करायचे हेही तीच ठरवते. दोन्ही समित्यांत तीच माणसे असली तरी बही वेगळी, खाते वेगळे आणि सभाही वेगळी ठेवा.

नियम थोडे, पण मोजता येणारे

स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात ट्योर्बेल नावाचे डोंगरी गाव आहे. तिथल्या सामाईक कुरणांचे आणि रानाचे लेखी करार १४८३ पासूनचे आहेत. १५१७ च्या एका नियमानुसार, ज्याला हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतात तितक्याच त्याने उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. सामाईक संपत्तीवरच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या गावाचे उदाहरण जगापुढे आणले. या नियमाची ताकद अशी की तो पाळला जातो की नाही हे शेजाऱ्याला त्याच्या गोठ्याकडे बघूनच कळते. त्यासाठी पहारेकरी ठेवावा लागत नाही. पर्यावरणाचा समतोल राखू, असा नियम कोणीच मोडू शकत नाही, कारण तो कोणी मोजूच शकत नाही.

आपल्या डोंगरांत असे नियम कोणते होतील? राबाचेच बघा. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या तोडतात. त्यावर सरसकट बंदी घातली तर ती कोणी पाळणार नाही, कारण रोप त्यावर अवलंबून आहे. त्याऐवजी असे ठरवता येते: एका झाडाला लागोपाठ दोन वर्षे हात लावायचा नाही, शेंडा तोडायचा नाही, आणि या वर्षी ओढ्याच्या अलीकडची झाडे, पुढच्या वर्षी पलीकडची. हिरड्यासाठी फांदी मोडायची नाही. मध काढताना आग्या मोहोळाचा पिल्लांचा भाग पोळ्यावर राहू द्यायचा आणि मधाचा भाग तेवढा कापायचा. बांबूच्या बेटातले दोन वर्षांच्या आतले बांबू तोडायचे नाहीत, पावसाळ्यात तोड नाही, आणि रानाचे तीन-चार भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड करायची. पाच-सात नियम पुरे. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिता येतील एवढेच असावेत.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले बारीपाडा हे गाव अशाच साध्या नियमांवर उभे राहिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उजाड झालेला डोंगर चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि दंडाच्या बळावर परत हिरवा केला. चारशे हेक्टरांहून अधिक रान त्यांनी राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची रानभाज्यांची स्पर्धाही मला महत्त्वाची वाटते. दरवर्षी बायका रानातून आणलेल्या भाज्या शिजवून मांडतात आणि कोणाला किती भाज्या ओळखता येतात हे सगळ्यांसमोर येते. रानाची माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांना मान मिळतो, आणि लहान मुले त्या भाज्या शोधायला रानात जातात.

दंडाबाबत थोडे सावध राहा. आपल्या सभासदांनी एकमताने ठरवलेला दंड सभेतच घ्या, त्याची पावती द्या आणि रक्कम सभेच्या खात्यात भरा. बाहेरचा माणूस तोड करताना सापडला तर त्याला थांबवा, माल तिथेच ठेवायला सांगा, फोटो काढा, पंचांसमोर पंचनामा लिहा आणि वनरक्षकाला कळवा. त्याला मारणे, बांधून ठेवणे, गाडी पेटवणे असे काहीही होता कामा नये. त्यातून तोडीची केस बाजूला राहते आणि गावावरच गुन्हा दाखल होतो.

वणवा

डोंगरात रान मुख्यतः वणव्याने मरते, कुऱ्हाडीने त्या मानाने कमी. म्हणून या एका विषयावर थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत गवत पेट घेते. लोक आग लावतात त्याची कारणे साधी असतात. मोहाखालचा पाला जाळला की पडलेली फुले वेचायला सोपी जातात. जाळल्यावर तेंदूची पाने चांगली येतात आणि गवत जोमाने फुटते, असा समज असतो. बांध जाळताना आग हातची सुटते. शिकारीसाठीही आग लावली जाते. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो. मोहाखाली झाडून घ्यायचे किंवा जुन्या साड्या, शेडनेट अंथरायचे. तेंदूसाठी झुडपांची छाटणी करायची. बांध जाळायचा दिवस शेजाऱ्यांना सांगून ठरवायचा, आणि पाण्याचे हंडे जवळ असल्याशिवाय काडी ओढायची नाही.

जाळरेषा जानेवारी संपण्याआधी व्हायला हवी. गावाच्या शिवेला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि धारेवर गवत कापून, पाला ओढून पट्टा मोकळा करा. हे काम एकट्या तरुण मंडळावर सोडू नका. घरटी एक माणूस असा नियम करा आणि जो येणार नाही त्याचे नाव बहीत लिहा.

आता आग विझवायला गेल्यावरची काळजी. उतारावर आग वर चढताना फार वेगाने धावते, कारण तिची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला, विशेषतः अरुंद घळीत, कधीही उभे राहू नका. आग बाजूंनी आणि मागून, ओल्या फांद्यांनी झोडपत विझवत आणा. जळते ओंडके आणि दगड खाली घरंगळतात, त्यामुळे थेट खालीही गर्दी नको. वारा पडल्यावर, पहाटे किंवा रात्री उशिरा, काम सोपे होते. सुती कपडे घाला, नायलॉन नको. आग विझल्यानंतरही किमान दोघे रात्रभर तिथे थांबा, कारण वाळक्या खोडात विस्तव दबून राहतो. लहान मुलांना नेऊ नका. वनखात्याला पहिला फोन आग दिसताक्षणी करा आणि त्याची वेळ लिहून ठेवा.

उताराबद्दल आणखी एक गोष्ट. निधी मिळाला की जेसीबी लावून डोंगरभर चर खोदायची घाई होते. कमी पावसाच्या, उघड्या टेकड्यांवर समतल चरांचा फायदा झाल्याचे आपण बघितले आहे. पण घाटमाथ्यावरच्या अतिवृष्टीच्या, तीव्र उतारांवर, मुरमाड मातीत मोठ्या यंत्राने खोदकाम करणे धोक्याचे ठरू शकते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर तरी वस्तीच्या वरच्या उताराला हात लावण्याआधी भूगर्भ जाणणाऱ्याचा लेखी सल्ला घ्यायलाच हवा. ओढ्यांचे उगम, धारेलगतचा पट्टा आणि वस्तीच्या डोक्यावरचा उतार हे सगळे आराखड्यात "हात न लावायचे रान" म्हणून दाखवा. देवराई असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा.

पैसा आणि बही

वनोपजात बांबू, तेंदूपत्ता, मध, लाख, औषधी वनस्पती हे सगळे येते. त्याची मालकी आणि विक्रीचा हक्क कायद्याने वननिवासींचा आहे. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देते आणि त्यावर कुठलेही स्वामित्वधन द्यावे लागत नाही. मेंढ्याला हे मिळवायला झगडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हातात आले, तेव्हा गावाचा बांबू गावाच्या कागदावर बाहेर पडू लागला. इमारती लाकूड मात्र यात येत नाही, हे सभेत स्पष्ट सांगा.

अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरला २०१२ मध्ये १९३ हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावाने झाडे वाढवली आणि सीताफळे "नॅचरल्स मेळघाट" या नावाने मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचवली. अवघ्या १९३ हेक्टरांचे गाव हे करू शकले, याकडे लक्ष द्या. हजारो हेक्टर नाहीत म्हणून थांबायचे कारण नाही.

पैसा आला की गावे फुटतात, हे मात्र खरे. तेंदूच्या हंगामात लाखांत रक्कम येते आणि दोन-तीन माणसांच्या हाती हिशेब राहतो. म्हणून उत्पन्न सुरू होण्याआधीच व्यवस्था लावा. ग्रामसभेच्या नावे बँकेत खाते उघडा. सह्यांचे अधिकार तिघांना द्या, त्यातली एक बाई असू द्या, आणि एकाच घरातले दोघे नकोत. ग्रामसभेचे पॅन कार्ड काढून घ्या, नाहीतर ठेकेदाराकडून रक्कम घेताना कर कापला जातो आणि तो परत मिळवताना दमछाक होते. ठेकेदाराशी करार करण्याआधी लिलावाची जाहिरात द्या, दोन-तीन गावांनी मिळून लिलाव केला तर भाव चांगला येतो, आणि आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय माल हलू देऊ नका. किती वाटायचे, किती रानावर खर्च करायचे आणि किती शिल्लक ठेवायचे हे हंगामाआधी ठरवा. पैसा समोर असताना ठरवायला बसलात तर सगळे वाटले जाते. उत्पन्नाचा विनियोग मंजूर करण्याचा अधिकार सभेचा आहे, समितीचा नाही. वर्षातून दोनदा सगळा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही प्रश्न विचारता यायला हवेत.

हिशेबाच्या बहीशेजारी रानाचीही एक बही असावी. रानात चार-पाच ठिकाणी दोरीने दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखून कोपऱ्यांना दगड रोवा. दरवर्षी एकाच महिन्यात तिथली झाडे, रोपे आणि तोडीचे ताजे खुंट मोजा आणि त्याच जागेवरून फोटो घ्या. नववी-दहावीची मुले हे काम उत्तम करतात. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की नियम कुठे सैल पडला, कुठे रोपे येत नाहीत, हे सभेत भांडण न होता दिसते. वनखात्याशी बोलतानाही या नोंदींचे वजन पडते. वनरक्षकाशी चांगले संबंध ठेवा, त्याला सभेला बोलवा, रोपवाटिका आणि बियाण्यांच्या माहितीसाठी त्याची मदत घ्या. सभेचा अध्यक्ष मात्र गावातलाच हवा.

ग्रामसभेचा अधिकार किती दूर जातो ते ओडिशाच्या नियमगिरीत दिसले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोंगरातल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी डोंगरिया कोंध आदिवासींच्या त्या डोंगरावर खाण नाकारली. तुमच्या डोंगरावर उद्या पवनचक्की, खाण किंवा रिसॉर्टचा रस्ता आला तर तुमच्या सभेचे इतिवृत्त हाच पहिला कागद असेल. ते नीट लिहिलेले असायला हवे.

कुमाऊँच्या वनपंचायतींचा अनुभवही जाणून घ्यावा. ब्रिटिश सरकारने रान राखीव केल्यावर लोक चिडले, १९२१ मध्ये डोंगर पेटले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. त्यातल्या कित्येकांनी बांजाची (ओकची) उत्तम जंगले राखली. पण १९७६ पासून पुढच्या नियमांनी एकेक अधिकार परत खात्याकडे नेला आणि बऱ्याच पंचायती नावापुरत्या उरल्या. तिथल्या लोकांकडे हक्काचा कायदा नव्हता, नियमांतून मिळालेली परवानगी होती. तुमच्याकडे संसदेचा कायदा आहे. तरीही अधिकार वापरले नाहीत तर ते कागदावरच राहतात, म्हणून दर पावसाळ्याआधी एक सभा फक्त आराखड्यासाठी ठेवा. गेल्या वर्षी ठरवलेले किती झाले हे बहीतून वाचा, पुढच्या वर्षाचे ठरवा, आणि समितीतले एक-दोन सदस्य दरवर्षी बदला. त्या जागी पंचविशीतली मुले-मुली घ्या. शिक्षणासाठी नाशिक-पुण्याला गेलेली पोरे सुट्टीत येतात तेव्हाच अभ्यासगट भरवा आणि कायद्याची मराठी प्रत समोर ठेवून एकेक कलम वाचा. पहिल्या बैठकीला वनहक्क समितीतल्या सगळ्यात जुन्या सदस्याला बोलवा आणि शीव कशी ठरली ते त्याच्याकडून लिहून घ्या.